‘ग्रेस’, कृपा आणि कृपांक

पवित्र शास्त्रातील काही शब्द उपदेशकाच्या तोंडी इतक्या वेळा येतात की, त्यांची धार हळूहळू बोथट होत जाते. ‘कृपा’ हा त्यांतील पहिला शब्द होय. ही धार पुन्हा यावी या सद्हेतूने आमचे अनेक पाळक व प्रचारक बंधू व्यासपीठावरून ‘ग्रेस’ हा इंग्रजी शब्द योजतात आणि त्याचा अर्थ समजावून देण्यासाठी परीक्षेतील ग्रेस गुणांचा दृष्टांत देतात. विद्यार्थी उत्तीर्ण होण्यास दोन-तीन गुण कमी पडले. परीक्षकाने ते पदरचे घातले. मुलगा पुढच्या वर्गात गेला. देवाची कृपा अशीच आहे, आम्ही जेथे कमी पडतो तेथे तो भर घालतो, असे सांगून उपदेश आटोपतो. दृष्टांत सोपा आहे, घरातील आहे आणि श्रोत्यांना चटकन कळतो. तथापि तो शुभवर्तमानाच्या मुळावर येणारा आहे, असे आमचे मत आहे. ते का, हे पाहण्यासाठी प्रथम या इंग्रजी शब्दाची चौकशी करणे इष्ट होईल.

शब्दाचे अर्थ

इंग्रजी भाषेत ‘ग्रेस’ या शब्दास निदान सात-आठ अर्थ आहेत. पहिला अर्थात देवाची कृपा. दुसरा, चालण्या-बोलण्यातील डौल, लालित्य. तिसरा, जेवणापूर्वी म्हणावयाची उपकारस्तुतीची प्रार्थना. चौथा, मुदत संपल्यावर मिळणारी सवलत. आपल्या देशातील १८८१ च्या पराक्राम्य लेखांच्या कायद्यात, मुदतीच्या हुंडीची अथवा वचनचिठ्ठीची रक्कम ठरल्या तारखेनंतर तिसऱ्या दिवशी देय होते. त्या तीन दिवसांना ‘ग्रेसचे दिवस’ म्हणतात. विम्याचा हप्ता चुकला असता मिळणारी वाढीव मुदत ही त्यातलीच. पाचवा, वर सांगितलेले परीक्षेतील गुण. सहावा, आर्चबिशप व ड्यूक यांस संबोधिण्याचा मानाचा शब्द. सातवा, गाण्यात मुख्य स्वराच्या आधी हलकेच स्पर्शून जाणारा शोभेचा स्वर. आणि आठवा, मुलीचे नाव.

डौल, आभार, सवलत आणि सन्मान ही मंडळी एकाच घरात कशी आली, हे त्या घराच्या मूळ पुरुषाकडे गेल्याखेरीज कळावयाचे नाही.

शब्दाचे कूळ

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये लॅटिन ‘ग्राशिया’पासून. लॅटिनमध्ये ग्राशिया म्हणजे मर्जी, मोहकता आणि कृतज्ञता, असे तिन्ही अर्थ होते. ते ज्या ‘ग्रातुस’ या विशेषणापासून आले, त्याचाही अर्थ दुहेरी होता: ‘मनास रुचणारा’ आणि ‘उपकार जाणणारा’. देणाऱ्याचे मन आणि घेणाऱ्याचे मन, दोन्हींसाठी एकच शब्द. भाषाशास्त्रज्ञ ग्रातुसचा संबंध संस्कृतातील ‘गूर्त’ या वैदिक शब्दाशी जोडतात. गूर्त म्हणजे प्रशंसिलेला, स्वागत केलेला. त्याचा धातू ‘गॄ’, म्हणजे स्तविणे, स्तुती गाणे. आपला ‘गिरा’ हा वाणीवाचक शब्दही त्याच धातूचा. म्हणजे ज्यास आपण परका शब्द समजून व्यासपीठावर आणतो, तो आपल्या ‘गिरे’चा दूरचा भाऊबंद आहे आणि त्याच्या मुळाशी ‘स्तुती’ आहे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानी ठेवावा. शेवटी त्याचा उपयोग होणार आहे.

याच कुळातील आणखी काही शब्द आपल्या रोजच्या व्यवहारात आहेत. ‘ग्रॅच्युइटी’ हा मूळचा ‘खुशीने दिलेले’ या अर्थाचा शब्द. परंतु १९७२ च्या कायद्याने पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर ती नोकराचा हक्क ठरविली. हे योग्यच झाले. मजुराचे देणे मालकाच्या खुशीवर राहू नये. परंतु शब्दाचा प्रवास पाहण्याजोगा आहे: जे फुकट दिलेले होते, ते कमाविलेले झाले. पौलाने रोमकरांस पत्र लिहिताना चौथ्या अध्यायात हाच भेद दाखविला आहे. काम करणाऱ्याची मजुरी ही कृपा गणली जात नाही, ते देणे असते. व्यवहारात कृपेचा हक्क होणे हिताचे असेल. धर्मशिक्षणात मात्र हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की तारणाची शिकवण ढासळते.

मूळ भाषांतील शब्द

लॅटिन भाषांतरकारांनी ग्राशिया हा शब्द ज्याच्यासाठी वापरला, तो नव्या करारातील ग्रीक शब्द ‘खारिस’. त्याचे नाते ‘खारा’ म्हणजे आनंद या शब्दाशी आहे. ग्रीकांच्या पुराणकथांत ‘खारिते’ नावाच्या तीन देवता होत्या. येशूच्याच शतकातील रोमी तत्त्वज्ञ सेनेका याने त्यांच्या हातात हात घालून केलेल्या फेराचा अर्थ नोंदविला आहे: एक उपकार करते, दुसरी स्वीकारते, तिसरी परत फेडते. देणे, घेणे आणि फेडणे यांचा फेर तुटता कामा नये, अशी त्या समाजाची धारणा होती. म्हणूनच शहाण्याने दान द्यावे ते पात्र पाहून. अपात्रास दिलेले वाया गेले, असे मानीत.

आता लूकच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय काढून पाहावा. जे आपल्यावर प्रीती करतात त्यांच्यावरच प्रीती केली तर त्यात विशेष ते काय, असे प्रभू तीन वेळा विचारतो. आणि तिन्ही वेळा ग्रीकमध्ये शब्द आहे खारिस. पुढे तो म्हणतो की, परात्पर देव कृतघ्नांवरही उपकार करणारा आहे. तेथील ‘कृतघ्न’ या शब्दाचे ग्रीक रूप ‘खारिस नसलेला’ असे आहे. ज्यांच्यापाशी खारिस नाही, त्यांनाच देव ती देतो! सेनेकाचा फेर येथे तुटला आणि त्याच जागी नवा सुरू झाला. इंग्रज पंडित जॉन बार्कले यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पौलाच्या शिकवणीचा विशेष येथेच दाखविला आहे: देवाचे दान घेणाऱ्याच्या लायकीशी जुळते नसते. मात्र त्या दानास प्रतिसाद नको, असे पौल कोठेही म्हणत नाही, हेही बार्कले तितक्याच आग्रहाने सांगतात.

जुन्या करारात ग्रेसच्या मागे मुख्यतः ‘हेन’ हा इब्री शब्द आहे. नोहावर परमेश्वराची कृपादृष्टी झाली, रूथवर बवाजाची झाली, तेथे हाच शब्द. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात रूपाची मोहकता फसवी असते असे म्हटले आहे, तेथेही हाच. म्हणजे कृपा आणि लावण्य यांची जोडी इब्रीतही आहे. या धातूपासूनच ‘हन्ना’ हे नाव आले, आणि ‘परमेश्वराने कृपा केली’ या अर्थाचे ‘योहान’ हे नावही. आपल्या मंडळ्यांत या नावांची माणसे पुष्कळ असतात. त्यांना आपल्या नावाचा अर्थ ठाऊक असतो का, हे पाळकांनी एकदा विचारून पाहावे.

कृपा, अनुग्रह, प्रसाद

मराठी शास्त्रात या शब्दासाठी ‘कृपा’ स्थिर झाली आहे. गोव्याच्या कोंकणी ख्रिस्ती प्रार्थनांत तिचेच ‘कुर्पा’ हे रूप चालते. कृपेचा धातू ‘कृप्’, म्हणजे शोक करणे, कळवळणे. ‘कृपण’ शब्दही याचाच. संस्कृतात त्याचा पहिला अर्थ ‘कीव यावी असा दीन’, पुढे तो ‘कंजूष’ झाला. यावरून कृपेचा स्वभाव कळतो. तिच्यात कळवळा आहे, खाली वाकणे आहे. परंतु ग्रेसमधील डौल, आनंद आणि आभार तिच्यात नाहीत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी उघडलेल्या घरास ‘कृपासदन’ हे नाव दिले, ते या कळवळ्याच्या अर्थास धरूनच होते.

हिंदी शास्त्रात मात्र त्याच ठिकाणी ‘अनुग्रह’ आहे. अनुग्रह म्हणजे हात देऊन धरणे, सावरणे. त्याच्या उलट निग्रह. महाराष्ट्रात ‘अनुग्रह घेणे’ म्हणजे गुरूकडून मंत्र घेणे, असा रूढ अर्थ असल्यामुळे मराठी कानाला तो शब्द शिष्य-गुरूंच्या नात्याची आठवण करून देतो.

हा भेद केवळ कोशातला नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, छिंदवाडा-नागपूर मार्गावर, सौंसरनजीक रामाकोना हे गाव आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ पासून तो पांढुर्णा जिल्ह्यात आहे. येथे घरची बोली मराठी. शाळा, पंचायत व कचेरी हिंदी. छिंदवाड्यास मुख्यालय असलेले, स्वीडिश मिशनच्या कार्यातून उभे राहिलेले लुथरन चर्चही हिंदी प्रदेशातलेच. अशा गावी कार्य करणाऱ्या प्रचारकापुढे तीन शब्द उभे राहतात. मराठी शास्त्रातली कृपा; पण हिंदी शाळेच्या गुणपत्रिकेत ग्रेस गुणांना म्हणतात ‘कृपांक’. हिंदी शास्त्रातला अनुग्रह. पण राज्य शासनाच्या २०१८ च्या संबल योजनेत कामगाराच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबास मिळणाऱ्या रकमेचे नाव आहे ‘अनुग्रह सहायता’. सीमेच्या अलीकडे महाराष्ट्रातही सरकारी कागदात ‘सानुग्रह अनुदान’ असतेच. म्हणजे तारणाचे दोन्ही शब्द कचेरीने आधीच उचलले आहेत: एक परीक्षा मंडळाने, दुसरा पंचायतीने. आणि या दोहोंतून सुटावे म्हणून ‘ग्रेस’ म्हणावे, तर तो पुन्हा गुणपत्रिकेकडेच नेतो! रामाकोन्यातील आईला ‘कृपा’ ऐकून देव आठवेल. तिच्या शाळकरी मुलाला निकाल आठवेल. एकाच बाकावर बसलेली ही दोन माणसे एकाच उपदेशातून दोन वेगळी शुभवर्तमाने घेऊन घरी जातील, ही आमची खरी चिंता आहे.

येथे तिसऱ्या शब्दाचा, ‘प्रसादा’चा, उल्लेख केला पाहिजे. प्रसाद म्हणजे देवाची प्रसन्नता. प्रसाद म्हणजे काव्याचा एक गुण, ज्याने अर्थ स्वच्छ पाण्यासारखा दिसतो. आणि प्रसाद म्हणजे हातावर ठेवलेले अन्न. मर्जी, सौंदर्य आणि जेवण! ग्रेसच्या अर्थांशी इतका जुळणारा भारतीय शब्द आम्हांस दुसरा दिसत नाही. ज्ञानेश्वरांनी १२९० साली आपल्या ग्रंथाच्या शेवटी मागितलेले ‘पसायदान’ म्हणजे प्रसादाचेच दान. हा शब्द देवळातील नैवेद्याशी जोडलेला असल्याने ख्रिस्ती लेखक त्यास जपून हाताळतात, आणि ते समजण्यासारखे आहे. रमाबाईंनी आपल्या भाषांतरात अशा शब्दांविषयी किती दक्षता बाळगली, हे सर्वश्रुत आहे. शास्त्रपाठात तो घालावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु प्रभुभोजनाचा अर्थ सांगताना, देवाची प्रसन्नता हातावर ठेवलेल्या भाकरीच्या रूपाने येते, हे मराठी श्रोत्यास समजावून देण्यास या शब्दाची आठवण निरुपयोगी ठरू नये.

दृष्टांताचे दोष

आता ग्रेस गुणांकडे वळू. या दृष्टांतात आम्हांस तीन दोष दिसतात.

पहिला दोष असा की, ग्रेस गुण उत्तीर्णतेच्या रेषेजवळ पोहोचलेल्यालाच मिळतात. ज्याच्या उत्तरपत्रिकेत भोपळा आहे, त्याला परीक्षक काहीही देत नाही. म्हणजे ही ‘कृपा’ पात्रता पाहून दिलेली असते. पौल तर सांगतो की, आपण दुर्बळ, पापी, इतकेच नव्हे तर देवाचे वैरी असताना ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. या दृष्टांताने मंडळीतील दारुड्या, फसलेला, शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस काय समजेल? हेच की, आपण रेषेपासून फार दूर आहोत, तेव्हा हे आपल्यासाठी नाही. ज्याच्यासाठी शुभवर्तमान आहे, तोच ते ऐकून उठून जातो.

दुसरा दोष, येथे मुख्य काम विद्यार्थ्याचे आणि किरकोळ भर परीक्षकाची ठरते. तेहतीस गुण माझे, दोन देवाचे! इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात क्रम उलटा आहे: आधी कृपा, त्यानंतर सत्कर्मे, आणि तीही देवाने आधीच योजून ठेविलेली.

तिसरा दोष, ग्रेस गुण मिळालेला विद्यार्थी परीक्षकाचे आभार मानीत नाही. तो निकालावरची ती खूण लपवितो. परंतु करिंथकरांस दुसऱ्या पत्रातील आठवा व नववा अध्याय पाहावा. यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा करण्याविषयीच्या या दोन अध्यायांत पौल खारिस हा शब्द दहा वेळा वापरतो. देवाने मासेदोनियाच्या मंडळ्यांस दिली ती खारिस. वर्गणीत भाग घेण्याची संधी ही खारिस. ती वर्गणी स्वतः खारिस. धनवान असून आमच्यासाठी दरिद्री झालेल्या प्रभूची ती खारिस. आणि अखेरीस देवाचे आभार, तेही खारिस. भाषांतरात हा एक शब्द कृपा, दान, आभार अशा निरनिराळ्या वेषांत जातो आणि वाचकास ती एकच व्यक्ती आहे हे ओळखू येत नाही. हा भाषांतरकारांचा अपराध नव्हे, भाषेची मर्यादा आहे. परंतु भाषांतराने जे झाकले जाते, ते उघडून दाखविणे हे उपदेशकाचे काम आहे. कृपा वरून येते, हातांतून पुढे जाते आणि स्तुती होऊन परत वर जाते, हा फेर ज्याने दाखविला त्याला वर्गणीविषयी निराळा उपदेश करावा लागणार नाही.

याच ठिकाणी एका आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. कृपा इतकी विनामूल्य आहे असे सांगितले तर लोक आळशी व बेफिकीर होतील, म्हणून ‘तुम्हीही थोडे मिळवा’ असे शिकविणारा दृष्टांत बरा, असे काही बंधू म्हणतात. या भीतीत तथ्य आहे. जर्मन ईश्वरविज्ञानी बोनहोफर यांनी १९३७ साली ‘स्वस्त कृपे’विरुद्ध दिलेला इशारा याच भीतीतून आलेला होता. परंतु त्यांचा उपाय कृपेची किंमत ठरविण्याचा नव्हता. तिच्यासाठी देवाला काय द्यावे लागले, ते दाखविण्याचा होता. पौलही म्हणतो की, कृपेनेच मी जो आहे तो आहे, आणि त्याच वाक्यात इतर सर्वांपेक्षा अधिक श्रम केल्याचे सांगतो. तेथे श्रम हे कृपेचे फळ आहेत.

नागपूरचे ग्रेस

मराठी साहित्यात हा शब्द एका निराळ्या वाटेने आला, तिकडेही लक्ष वेधावेसे वाटते. नागपूरचे कवी माणिक गोडघाटे (१९३७–२०१२) यांनी ‘ग्रेस’ हेच टोपणनाव घेतले. ग्लॅडिस आयलवर्ड या इंग्रज मिशनरी स्त्रीच्या जीवनावरील १९५८ च्या एका इंग्रजी चित्रपटातील उद्गारावरून त्यांना ते सुचले, असे सांगितले जाते. ‘संध्याकाळच्या कविता’ या त्यांच्या १९६७ च्या संग्रहापासून मराठी वाचक या नावाला लालित्याच्या अर्थाने ओळखू लागला. शब्दाचा जो अर्थ आम्ही उपदेशकांनी सोडून दिला, तो एका कवीने उचलला, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावणारी आहे.

त्याहून बोधप्रद आहे ती आयलवर्ड बाईंची कथा. त्या लंडनमध्ये घरकाम करणाऱ्या मोलकरीण होत्या. मिशनच्या शिक्षणवर्गात त्या कमी पडल्या आणि त्यांना चीनमध्ये पाठविण्यास नकार मिळाला. कोणी त्यांना ग्रेस गुण दिले नाहीत. मग स्वतः पैसे साठवून १९३० साली त्या आगगाडीने सायबेरियामार्गे चीनला निघाल्या आणि १९४० साली युद्धाच्या धामधुमीत सुमारे शंभर अनाथ मुलांना डोंगर ओलांडून सुरक्षित ठिकाणी घेऊन गेल्या. अनुत्तीर्ण ठरलेल्या स्त्रीमध्ये देवाने काय केले, हे पाहिल्यावर गुणपत्रिकेचा दृष्टांत कोणी द्यावा?

सूचना

‘कृपा’ हा शब्द टाकावा, असे आम्ही म्हणत नाही. सुमारे दोनशे वर्षांच्या प्रार्थनांनी तो पवित्र झाला आहे. आमच्या सूचना तीनच आहेत.

एक, व्यासपीठावरून ‘ग्रेस’ म्हणावयाचे असेल, तर त्याचे डौल व आभार हे अर्थही सांगावेत. मार्टिन लूथर याने १५३० साली भाषांतराविषयी लिहिलेल्या पत्रात ‘कृपेने भरलेली’ या शब्दयोजनेची थट्टा केली. साध्या जर्मन माणसास ती ऐकून पिंप किंवा थैली आठवेल, असे त्याचे म्हणणे होते, आणि त्याने देवदूताच्या तोंडी गोड, लाघवी अर्थाचा शब्द घातला. श्रोत्याच्या कानाची इतकी काळजी आपणही घ्यावी. हिंदी-मराठी मिश्र मंडळीत कृपा आणि अनुग्रह हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवावेत. एकातला कळवळा आणि दुसऱ्यातला धरलेला हात मिळून अर्थ पुरा होतो.

दोन, ग्रेस गुणांच्या जागी प्रभूनेच दिलेला दृष्टांत सांगावा. रामाकोना-सौंसरच्या भागात संत्र्याच्या बागा आहेत. मजुरीची वाट पाहत उभी असणारी माणसे तेथे कोणाला परकी नाहीत. दिवस मावळताना कामावर घेतलेल्या मजुराला मालकाने पुरी रोजी दिली. त्याने तासांचा हिशेब करून वर थोडी भर घातली नाही. हिशेबच बाजूला ठेवला. सकाळपासून राबलेले कुरकुरले, हेही सांगावयास विसरू नये. कृपेचे खरे स्वरूप त्या कुरकुरीत जितके उघड होते, तितके आमच्या व्याख्यांत होत नाही.

तीन, ‘उपकारस्तुती’ या आपल्या जुन्या ख्रिस्ती शब्दाचा मान पुन्हा वाढवावा. अलीकडे त्याच्या जागी कोरडे ‘धन्यवाद’ येऊ लागले आहेत. उपकार हे दान, स्तुती हा त्याचा प्रतिसाद. लॅटिन ग्रातुस, वैदिक गूर्त आणि त्यांचा स्तुतिवाचक धातू यांचा प्रवास आपण वर पाहिला. ग्रीकांनी जे एका शब्दात बांधले आणि इंग्रजांनी आठ अर्थांत वाटून टाकले, ते आपल्या आजे-पणज्यांनी या एका मराठी समासात जोडून ठेविले आहे. भाकरीपुढे हात जोडून उपकारस्तुती करणारे अडाणी घरही त्या घटकेला देणाऱ्याचे मन आणि घेणाऱ्याचे मन एकत्र आणीत असते.

येत्या रविवारी कृपेवर बोलावयास उभे राहणाऱ्या बंधूने आपल्या श्रोत्यांतील सर्वांत मागे बसलेल्या, शून्य गुणांच्या माणसाकडे पाहून बोलावे. त्याला जर ते शुभवर्तमान वाटले, तर बाकीच्यांनाही ते कळेल.